"गावात जाऊन येतो" म्हणजे नक्की कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, सासर राजारामपुरीत, आणि पोटापाण्याचा धंदा डीटीपी आणि भाषांतराचा. त्यामुळं "गावात" ह्या एका शब्दावरनं जेवढे प्रश्न मला येतात तेवढे दुसऱ्या कशावरनंच येत नाहीत. विद्यापीठात शिकायला आलेली पोरं विचारतात, बाहेरनं लग्न होऊन आलेल्या सुना विचारतात, पत्रिका छापायला आलेली गिऱ्हाइकं विचारतात, आणि "डाउनटाउनला मराठीत काय म्हणायचं ओ मॅडम" हे तर ठरलेलंच. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. प्रश्न तुमच्याच शब्दात ठेवलेत, थोडं शुद्धलेखन तेवढं बघितलंय.

१. कोल्हापुरात "गावात जाऊन येतो" म्हणतात म्हणजे नक्की कुठं जातात?

अंबाबाईच्या देवळाभोवती. महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, गुजरी, भवानी मंडप, भाऊसिंगजी रोड, शिवाजी चौक, पापाची तिकटी, बिंदू चौक, चप्पल लाइन, एवढ्या टापूत कुठंही गेलं तरी "गावात गेलो" होतं. नकाशावर "गाव" म्हणून कुठं लाल रेघ मारलेली नाही आणि गूगल मॅपवर शोधलंत तर भलतीकडं नेऊन सोडेल.

आमच्या सासूबाई साडेचारचा चहा झाला की कापडी पिशवीची घडी काखेत मारतात आणि दारातनं सांगतात, "गावात जाऊन येतो गं, कपिलतीर्थला भाजी घेतो, तो ब्लाउजपीस बदलून आणतो आणि जमलं तर देवीचं दर्शन." ह्या एका वाक्यात गावात म्हणजे काय ते सगळं आलं: मंडई, कापड दुकान, देऊळ. ह्यातलं एकही काम नसेल तर माणूस गावात जात नाही, नुसतं "फिरून येतो" म्हणून रंकाळ्याला जातो.

(आणि हो, सासूबाई "येतो" म्हणतात, "येते" नाही. कोल्हापुरात बायका पण "मी येतो, मी गेलतो" म्हणतात. ह्याच्यावर वेगळं पान लिहावं लागेल, इथं नको.)

२. पण कोल्हापूर तर महानगरपालिका आहे, मग शहराला गाव का म्हणता?

मराठीत "गाव" म्हणजे खेडं असं शाळेत शिकवतात, आणि सगळा गोंधळ तिथनंच सुरू होतो. गाव म्हणजे माणसांची वस्ती. संस्कृत ग्राम, त्याचं प्राकृतात गाम, त्याचं आपलं गाव. "तुमचं गाव कोणतं?" ह्याला "पुणे" असं उत्तर देणारा माणूस पुण्याला खेडं म्हणत नसतो. "शहर" हा शब्द फारसीतनं आलाय, कागदोपत्री, भाषणात, बातमीत तो बसतो, पण पिशवी घेऊन निघालेल्या माणसाच्या तोंडात येत नाही.

कोल्हापूरच्या बाबतीत तर गाव शब्दाला इतिहास पण आहे. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा, रावणेश्वर अशा सहा जुन्या वस्त्या जुळून हे शहर झालं असं सांगतात. त्यातली ब्रह्मपुरी पंचगंगेच्या काठची, तिथं १९४५-४६ साली उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती सापडली. रोमन लोकांच्या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती पण तिथलीच, आता टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे बघा, एकेकाळी गाव नदीकाठाला होतं, नंतर देवळाभोवती आलं. १७८२ ला पन्हाळ्यावरनं राजधानी इथं आली, राजवाडा देवळाला लागून, आणि मग बाजार, सराफ, कासार सगळे तिथंच जमले.

नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका १९७२ ची. बोर्ड बदलले म्हणून बोलणं बदललं नाही.

३. गावात, गावाला, गावी, गावाकडं ह्यात फरक काय? मला तर सगळं एकच वाटतं.

एक नाही, आणि इथं चुकलात तर फजिती ठरलेली आहे. माझीच सांगते. विद्यापीठात असताना घर लांब नव्हतं तरी एक वर्ष मी हॉस्टेलला राहिले, रूममेट नागपूरची. एका शनिवारी तिचा फोन आला, कुठे आहेस म्हणून, मी म्हणलं, "गावात आलेय, संध्याकाळी येते." तिनं ऐकलं "गावी गेले." संध्याकाळ म्हणजे उद्याची असेल असं समजून ती रूमला कुलूप घालून, किल्ली पर्समध्ये टाकून सांगलीच्या मैत्रिणीकडं मुक्कामाला. मी सात वाजता महाद्वार रोडवरनं दोन पिशव्या घेऊन दारात. रात्र शेजारच्या खोलीत, जमिनीवर.

तर फरक असा. "गावात" म्हणजे ह्याच शहराच्या जुन्या भागात, दोन-तीन तासाचं काम, जेवायला घरी. "गावाला" म्हणजे शहर सोडून बाहेर, मुक्काम आलाच. "पाटील गावाला गेलेत" म्हणजे घराला कुलूप आहे, दूध घेऊ नका. "गावी" पण बाहेरगावच, पण हा शब्द जरा लिहिण्यातला आणि त्यात मूळ गाव, आजोळ, शेतीवाडी असा वास आहे, पुण्या-मुंबईकडं जास्त चालतो. "गावाकडं" म्हणजे आपल्या मूळ खेड्याकडं, तिथली माणसं धरून, "गावाकडं यंदा पाऊस कसा हाय?"

शब्द तोच, सगळा खेळ शेवटच्या अक्षराचा. "त" लागला की शहराचं पोट, "ला" लागला की एस्टीचं तिकीट.

४. "अख्खा गाव जमला" आणि "अख्खं गाव बघितलं", बरोबर काय?

दोन्ही. माणसं म्हणायची असतील तर बहुतेकदा पुल्लिंगी, "सारा गाव लोटला." जागा म्हणायची असेल तर नपुंसकलिंगी, "गाव लांबलचक पसरलंय." "गावात" म्हणताना लिंगाचा संबंधच येत नाही त्यामुळं टेन्शन घेऊ नका.

५. डाउनटाउन म्हणजे नेमकं काय, आणि "डाउन" का?

शब्द अमेरिकेतला, न्यूयॉर्कचा, आणि १८३० च्या दशकात तिथं रुळलेला होता. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन हे उभट, चिंचोळं बेट आहे. डच लोकांची पहिली वस्ती बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि शहर वाढलं ते सगळं उत्तरेकडं, कारण बाकी तिन्ही बाजूंना पाणी. मग उत्तरेला राहायला गेलेले लोक जुन्या गावात कामाला, बाजाराला "खाली" यायला लागले. डाउन म्हणजे दक्षिण, टाउन म्हणजे ते मूळ गाव. पुढं इतर शहरांनी तोच शब्द उचलला आणि दिशा गळून पडली, उरला नुसता अर्थ: शहराचा मधला, धंद्याचा, ऑफिसांचा, दुकानांचा भाग.

मला ह्यातली एक गोष्ट फार आवडते. त्या डच वस्तीच्या उत्तर बाजूला १६५३ मध्ये संरक्षणासाठी भिंत घातली होती, ती गेली आणि तिच्या जागेवरच्या रस्त्याला वॉल स्ट्रीट नाव राहिलं. आपल्याकडं काय वेगळं झालंय? कोल्हापूरला तट होता, वेशी होत्या, वेशी गेल्या आणि गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस ही नावं राहिली. आपल्या तटाचा तुकडा तरी अजून बिंदू चौकात उभा आहे, त्यांच्या भिंतीचं नाव सोडून काही उरलं नाही.

६. मग अपटाउन म्हणजे उच्चभ्रू वस्ती का?

मूळ अर्थ फक्त उत्तरेकडचा भाग. पैसेवाले लोक गर्दी सोडून उत्तरेला राहायला गेले म्हणून श्रीमंतीचा रंग चढला. न्यूयॉर्कच्या सबवेत आजही पाटीवर अपटाउन-डाउनटाउन असतं ते गाडी कुठल्या दिशेला चाललीय हे सांगायला.

७. डाउनटाउनला मराठीत एकच शब्द सांगा ना!

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि ह्याचं एका शब्दात उत्तर द्या म्हणणाऱ्यावर मी रुसते. कोण बोलतंय आणि कुठं लिहिताय त्यावर ठरतं.

आधी एक गंमत लक्षात घ्या. इंग्रजीत हा शब्द नुसता नाम म्हणून येत नाही, "तिकडं" सारखा क्रियाविशेषण म्हणून पण येतो, त्याला वेगळं "मध्ये" लावायला लागत नाही. आपलं "गावात" अगदी तसंच, प्रत्यय आतच शिजलेला आहे. म्हणून कथेत एखादी आजी डाउनटाउनला निघाली असेल तर "ती शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात गेली" असलं लिहू नका, आजी आहे का महापालिकेचा अहवाल? "ती गावात गेली" किंवा "बाजारात गेली" लिहा, संपलं.

बातमी असेल तर आपल्याकडं तयार शब्द आहेत. "शहराच्या मध्यवस्तीत" हा चांगला, "भरवस्तीत" हा पण चांगला पण त्याला थोडा धोक्याचा सूर आहे, भरवस्तीत आग लागते, चोरी होते, बिबट्या शिरतो, भरवस्तीत कुणी चहा पीत नाही. "मध्यवर्ती ठिकाणी" हा मंगल कार्यालयांचा शब्द झालाय. सरकारी किंवा नगररचनेचा मजकूर असेल तर "मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र" चालतं, पण ते खरं म्हणजे सीबीडीचं, म्हणजे "सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट"चं भाषांतर आहे (त्याचं प्र. ८ मध्ये).

"नगरकेंद्र", "पुरमध्य" असलं कायतरी घडवून कोणी पाठवलं तर मी गुपचूप बदलते. आणि "डाउनटाउनमध्ये" तसंच ठेवायचं असेल तर ते शिकागो-न्यूयॉर्कच्या गोष्टीत ठेवा, तिथलं ते नाव आहे, तिथं शोभतं.

८. डाउनटाउन, सिटी सेंटर, सीबीडी, सगळं एकच ना?

जवळजवळ, पण घरं वेगळी. डाउनटाउन अमेरिका-कॅनडाचा. ब्रिटनमध्ये सिटी सेंटर किंवा टाउन सेंटर म्हणतात, आणि बोलताना तर नुसतं "टाउनात जाऊन येतो" अशाच अर्थाचं बोलतात, म्हणजे आमच्या सासूबाई आणि तिकडच्या आजीबाई एकच वाक्य बोलतात. लंडनमध्ये मात्र "द सिटी" म्हणालात तर ते शहराचं नाव नाही, ते साधारण एक चौरस मैलाचं जुनं लंडन, बँकांचा भाग.

सीबीडी हा भूगोलाच्या पुस्तकातला. शिकागोचा अभ्यास करून अर्नेस्ट बर्जेसनं १९२५ मध्ये शहराची वर्तुळावर वर्तुळं दाखवणारी आकृती मांडली, मधोमध धंद्याचा भाग, भोवती एकेक पट्टा. बी.ए.ला भूगोल होता त्यांनी ती पाठ केलेली असणार. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेत लोक बोलताना पण सीबीडी म्हणतात. आपल्याकडं बोलीत आलेला सीबीडी एकच, नवी मुंबईतला सीबीडी बेलापूर, आणि तो जुनं गाव नव्हेच, सिडकोनं नवं शहर आखताना मुद्दाम केलेला. म्हणजे डाउनटाउन बहुतेकदा आपोआप होतं, सीबीडी आखता येतो.

९. मग आपल्या पेठा म्हणजे डाउनटाउन का?

पेठ म्हणजे मुळात बाजार. कानडीत पेटे, बेंगळुरूच्या जुन्या बाजाराला तेच नाव आहे. आपल्या पेठांना वारांची नावं, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. पण आज पेठ म्हणल्यावर बाजार डोळ्यापुढं येत नाही, वस्ती येते. शिवाजी पेठ म्हणजे तालीम, गल्ली, मंडळ, मॅच असली की रात्रीपर्यंत कट्ट्यावर चाललेली चर्चा. तिथं लोक राहतात. डाउनटाउन शब्दात राहणं दुय्यम आणि धंदा पहिला.

म्हणून पेठ आणि गाव असं करा: पेठ हा "कुठला तू?" ह्याचा शब्द, गाव हा "कुठं चाललास?" ह्याचा.

१०. गावठाण, गावभाग, कसबा हे पण तेच का?

नाही, आणि ह्यातला एक शब्द कोर्टकचेरीचा आहे त्यामुळं जपून. गावठाण म्हणजे महसुली दप्तरात वस्तीसाठी राखलेली जागा, शेतजमिनीपासनं वेगळी. सातबारा, प्लॉट, बांधकाम परवाना ह्याच्याशी त्याचा संबंध. त्याला डाउनटाउन म्हणून भाषांतर केलेला एक कागद माझ्याकडं दुरुस्तीला आलेला, नशीब सही व्हायच्या आधी आला.

गावभाग हा सुंदर शब्द आहे आणि तो आपल्याकडं नाही, शेजाऱ्यांकडं आहे. सांगलीत गावभाग, इचलकरंजीत गावभाग, दोन्हीकडं जुन्या मूळ वस्तीचं रीतसर नाव. आपल्याला लागत नाही कारण आपण सगळं "गावात" वर भागवतो.

कसबा हा अरबीतनं आलेला, परगण्याचं मुख्य ठिकाण असलेलं मोठं गाव. कसबा बावडा त्यातलाच (तिथली गंमत प्र. १२ मध्ये).

११. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी गावात येतात का?

राजारामपुरी नाही. ह्यावर वाद नाही. मी तिथं राहते आणि इथली कापडाची, मोबाइलची, खाण्याची दुकानं बघितली तर बाहेरचा माणूस म्हणेल हेच सेंटर आहे, पण इथला माणूस सुद्धा पहिल्या गल्लीतनं निघताना "गावात चाललोय" म्हणतो. राजाराम महाराजांच्या नावानं आखून वसवलेली वस्ती, सरळ रस्ते, नंबराच्या गल्ल्या. आखलेल्या गोष्टीला गाव म्हणवत नाही बहुतेक.

शाहूपुरी पण नाही. रेल्वे १८९१ मध्ये आली आणि शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली, धंदा कोट्यवधीचा, तरी "शाहूपुरीला जातो", गावात नव्हे.

लक्ष्मीपुरी हा खरा वादाचा मुद्दा. धान्याचा बाजार, रविवारचा आठवडी बाजार, बिंदू चौकातनं चालत पाच-दहा मिनिटं. माझे सासरे लक्ष्मीपुरीला गाव म्हणतात, माझे वडील म्हणत नाहीत. सासरे पूर्वेकडनं येतात, त्यांना लक्ष्मीपुरी लागली की गाव लागलं. वडील मंगळवार पेठेतनं बघतात, त्यांच्या मते बिंदू चौकाचा तट ओलांडला की गाव संपलं. दिवाळीच्या फराळाला हा विषय निघाला की दोघांचे चहा गार होतात.

माझं मत विचाराल तर मी वडिलांच्या बाजूनं आहे. तट पाडला तरी लोकांच्या डोक्यातला तट अजून तिथंच आहे. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. रिक्षातनं येताना ते पुतळे दिसले की मी आपोआप पर्स पुढं घेते. गाव आलं.

१२. मग पेठेत राहणारे लोक "गावात जातो" म्हणतात का? ते तर गावातच आहेत.

बरोबर पकडलंत. माहेरी असताना मी हा शब्द क्वचितच वापरला. तिथनं जाताना जागेचं नाव घ्यायचं, "महाद्वारला जातो", "गुजरीत जातो", "पापाच्या तिकटीला थांब". लग्न होऊन राजारामपुरीत आले आणि महिन्याभरात तोंडात "गावात" बसलं. जागा तीच, दुकानदार तेच, मी तेवढी दोन-तीन किलोमीटर बाजूला सरकले.

उलट टोकाचं उदाहरण माझ्या मावशीचं. ती कसबा बावड्याची. बावडा महापालिकेत आहे, केएमटीची बस येते, तरी मावशी "कोल्हापुरात जाऊन येतो" म्हणते. तिच्यासाठी "गावात" म्हणजे बावड्याचं जुनं गाव. कळंबा, उचगाव अशा हद्दीबाहेरच्या ठिकाणी तर "कोल्हापूरला जातो" हेच ऐकू येतं. म्हणून पत्ता सांगणारा माणूस कुठं उभा आहे हे आधी बघा आणि मग "गावात" चा अर्थ लावा.

१३. स्टँडवर उतरलो, रिक्षावाल्याला "गावात सोडा" म्हणालो तर तो हसला. का?

कारण तो पुढचा शब्द ऐकायला थांबलेला. "गावात" हे घरच्यांना सांगायचं असतं, रिक्षावाल्याला नाव सांगायचं, "मामा, शिवाजी चौक" किंवा "बिंदू चौकाला घ्या". मध्यवर्ती बस स्थानक नावानं मध्यवर्ती असलं तरी गावात नाही, देवळापासनं दोन-अडीच किलोमीटर आहे. "सीबीएस" म्हणा, सगळ्यांना कळतं.

आणि नुसतं "स्टँड" म्हणू नका, रंकाळा स्टँड वेगळा, संभाजीनगर स्टँड वेगळा. गाडी घेऊन येत असाल तर बिंदू चौकाजवळच्या पार्किंगला लावा आणि चालत फिरा, शनिवार-रविवार आणि नवरात्रात महाद्वार रोडला गाडी घालणाऱ्याला आम्ही लांबनं नमस्कार करतो.

१४. दुसऱ्या शहरात काय म्हणतात?

पुण्यात कोथरूडकर पण "गावात" म्हणतात आणि लक्ष्मी रोडला जातात, पण "कॅम्पात" वेगळं. मुंबईत उपनगरातली माणसं दक्षिण मुंबईला "टाउन" म्हणतात आणि त्यात "फोर्ट" हा जुना भाग, किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडले तरी नाव टिकलं (वॉल स्ट्रीट आठवली का? प्र. ५). मुंबईत "गाव" म्हणालात तर समोरचा कोकण रेल्वेचं बुकिंग झालं का विचारेल. नागपुरात "बर्डी", म्हणजे सीताबर्डी, एकाच भागाच्या नावानं काम भागतं.

१५. श्रीनगरला गेलो होतो, तिथं लाल चौकाला डाउनटाउन म्हणालो तर लोकांनी दुरुस्त केलं. असं का?

चांगला प्रश्न, कारण भारतात बोलीत खरोखर रुळलेला डाउनटाउन हाच. श्रीनगरमध्ये डाउनटाउन म्हणजे जुनं शहर, शहर-ए-खास, नौहट्टा, जामा मशिदीचा परिसर. मोठी दुकानं, ऑफिसं असलेला लाल चौक त्यात धरत नाहीत. म्हणजे अमेरिकेत ज्या शब्दाला धंद्याचा अर्थ चिकटला, तिथं तो जुनेपणाला चिकटला. आपल्या "गावात" ला दोन्ही चिकटलेत, जुनं पण आणि बाजार पण, ते ज्या दिवशी वेगळे होतील त्या दिवशी मला हे पान परत लिहावं लागेल.

१६. हायवेजवळच्या फ्लॅटच्या जाहिरातीत "डाउनटाउन लाइफ" लिहिलंय, ही फसवणूक नाही का?

कायद्याचं मला विचारू नका. शब्दाचं सांगते: डाउनटाउन व्हायला आधी टाउन लागतं. उसाच्या फडाकडं खिडकी उघडणाऱ्या बिल्डिंगला तो शब्द लावला म्हणजे तिथं गाव होत नाही. असलं एक ब्रोशर मी स्वतः टाइप केलंय, पैसे पण घेतलेत, त्यामुळं जास्त बोलत नाही. त्या खालीच "शहरापासून फक्त १५ मिनिटे" अशी ओळ होती. मग शहरात आहे का शहरापासनं १५ मिनिटं, एक काय ते ठरवा म्हणून मी पेन्सिलनं खूण करून पाठवली, प्रूफ तसंच परत आलं.

१७. पत्त्यात, लग्नपत्रिकेत, अर्जात काय लिहू?

पत्त्यात "गावात" कधीच नाही. पेठ आणि वॉर्ड लिहा, शिवाजी पेठ ए वॉर्ड, मंगळवार पेठ बी, लक्ष्मीपुरी सी, शाहूपुरी-राजारामपुरी ई. "सेंटर" असा वॉर्ड नाही.

पत्रिकेत जवळची खूण द्या, "मिरजकर तिकटीजवळ", "खासबाग मैदानासमोर", पाहुण्याला तेच उपयोगी पडतं. बाहेरगावचे पाहुणे जास्त असतील तर तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, हे फोनवर सांगून ठेवा, एका वऱ्हाडाला ते कुणाचं तरी आडनाव वाटलं होतं. पापाची तिकटी म्हणल्यावर तर विचारूच नका.

१८. मुलगी म्हणते "आई, गावात म्हणू नको, डाउनमार्केट वाटतं". काय करू?

तिला विचारा, मग काय म्हणू? "सिटीत" म्हणेल. आता तुम्ही दोघी कोल्हापूर सिटीतच बसलाय, मग सिटीतनं सिटीत कसं जायचं? पुण्यात हिंजवडीवाले "सिटीत" म्हणतात ते एकवेळ कळतं, ते बाहेर आहेत. राजारामपुरीतनं "सिटीत जाते" म्हणणं मला तरी विचित्र वाटतं. माझी पुतणी "मार्केटला जाते" म्हणते, ते मात्र चाललंय, अर्थ नेमका आहे, फक्त त्यात देऊळ येत नाही.

१९. हद्दवाढ झाली तर "गावात" चा अर्थ बदलेल का?

महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोक ५,४९,२३६, आणि हद्दवाढीचा विषय इतका जुना झालाय की त्यावर बोलायला मी नको. हद्द वाढली तर "कोल्हापूरला जातो" म्हणणाऱ्यातले काही लोक हळूहळू "गावात जातो" म्हणायला लागतील, पण जातील तिथंच. बावड्याच्या मावशीनं इतक्या वर्षात बदललं नाही, त्यामुळं ह्याला पण वेळ लागेल.

२०. पुराच्या वेळी "गावात पाणी आलंय" म्हणतात ते पण महाद्वार रोडलाच आलेलं असतं का?

नाही, आणि हा एकच अपवाद नीट लक्षात ठेवा, कारण ह्यात घाबरगुंडी होते. पुरात "गावात पाणी" म्हणजे नदीचं पात्र सोडून वस्तीत पाणी, मग ते उत्तरेश्वर पेठेत असो, शुक्रवार पेठेत असो का शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या दिराचा दुबईहून फोन, "गावात पाणी आलंय म्हणे, देवळात शिरलं का?" देवळाचा भाग उंचावर, तिथं नदीचं पाणी नव्हतं. सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "गावात आलंय, पण गावात नाही आलं." पलीकडनं लगेच, "बरं बरं", आणि फोन ठेवला.